धाकटीचं जेवण

नंबरकाकांना खरं नाव होतं, पण ते दुकानाच्या पाटीवर आणि विजेच्या बिलावर. बाकी सगळ्या गल्लीला ते नंबरकाका. उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं आणि ते दुकान अंगात असं मुरलं, की समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत काका त्याच्या डोळ्यांचा नंबर सांगून मोकळे व्हायचे. कुणी डोळे बारीक करून बसची पाटी वाचायला लागलं, की काका हळूच म्हणायचे, "उणे दोन. आणि आळशी." लेकीनं पहिल्यांदा घरी आणलेल्या मुलाबद्दल त्यांनी एवढंच मत दिलं होतं, "उजव्या डोळ्याला तिरका नंबर आहे, पण माणूस सरळ आहे." लेकीनं त्याच्याशीच लग्न केलं आणि चष्माही बापाच्या दुकानातूनच करून दिला. सवलत मात्र मिळाली नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. समोर काचेची कपाटं, मागे पडद्याआड तपासणीची खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि मखमलीच्या खाचांमध्ये ओळीनं बसवलेल्या भिंगांची पेटी. त्या पेटीला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. तो मोडला फक्त एका बाईनं, आणि काकांना पुढे तिच्याशीच संसार करावा लागला.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. विशीतच तिच्या मानेला कंप सुटला होता. डावीकडे, उजवीकडे, बारीक, सतत, कुणी "नाही, नाही" म्हणत राहावं तशी मान हलायची. दुखत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. वर्गात एखादं नवीन पोर उठून विचारायचं, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" बाई म्हणायच्या, "जा." मान म्हणायची, नाही. पोर बिचारं तहानलेलं खाली बसायचं. पोरांनी तिचं नाव पाडलं नाहीबाई. तिला ते कळलं तेव्हा तिनं फळ्यावर स्वतःच्या हातानं ते लिहिलं आणि म्हणाली, "निदान शुद्ध लिहा."

ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा काका तरुण होते आणि स्वतःच्या नजरेवर त्यांचा फार भरवसा होता. तिच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवून त्यांनी भिंग घातलं. "आता स्पष्ट दिसतंय?" "हो," ती म्हणाली. मान म्हणाली, नाही. काकांनी भिंग बदललं. "आता?" "हो." मान पुन्हा नाही. काका भिंगांवर भिंगं बदलत गेले. शेवटी वैतागून तिनंच पेटीत हात घातला आणि पहिलं भिंग काढून दाखवलं. काकांना तो अपमान वाटला, आणि त्यांनी आपल्याच मताचा चष्मा करून दिला.

आठवड्यानं ती चष्मा हातात घेऊन परत आली.

"जिना उतरताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. तुम्ही माझं ऐकत होतात की बघत होतात?"

"बघत होतो," काका खरं ते बोलले.

"मग पुढच्या वेळी ऐका. तोंडावर विश्वास ठेवा, मानेवर नको."

काही महिन्यांनी काकांनी तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा तिची मान नेहमीसारखीच नाही-नाही करत होती. काकांनी तिच्या तोंडाकडे लक्ष दिलं. तेवढं शहाणपण त्यांना एका फुकट गेलेल्या चष्म्यानं शिकवलं होतं.

धाकटी घरात आली ती नाहीबाईंच्या निवृत्तीच्या दिवशी. शाळेतली इतर माणसं निवृत्त झाली की भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी जातात, नाहीबाई उशीच्या अभ्र्यात साप घेऊन आल्या. विज्ञानाच्या खोलीतले प्राणी शाळा काढून टाकत होती. मासे गेले, ससे गेले, कासवावर तर भांडणं झाली. या सापाला मात्र कुणी विचारेना. तो अजगराच्या कुळातला, पण आकारानं लहान, वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढा लांब. पाळण्यासाठीच पैदा केलेला, बिनविषारी, तपकिरी अंगावर सोनेरी जाळी विणल्यासारखी नक्षी. दिसायला देखणा, फक्त डोकं ठिकाणावर नाही. मान वर उचलली की ती हिंदकळायची, गोल फिरायची, कधी उलटी होऊन छताकडे बघत राहायची. प्राणी विकणाऱ्यानं तो शाळेला फुकट दिला होता, कारण विकत घ्यायला कोणी तयार नव्हतं.

"ही माझ्यातली आहे," नाहीबाई म्हणाल्या. "घरात मोठी मी, धाकटी ही."

"मग मी कोण?" लेकीनं विचारलं.

"तू मधली. मधल्यांकडे तसंही कुणाचं लक्ष नसतं."

काकांना सापाची भीती वाटायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं ही म्हण त्यांच्या घरात आता जेवणाच्या खोलीत काचेच्या पेटीत राहायला आली होती. पेटीच्या एका अंगाला ऊब देणारी पट्टी, एका कोपऱ्यात पाण्याचं भांडं, आणि लपायला एक पालथी घातलेली फुटकी कुंडी. खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. ते फ्रीजमध्ये बर्फाच्या शेजारी ठेवायचे, म्हणून काकांनी उन्हाळ्यातही थंड सरबत सोडलं. खाणं द्यायचा दिवस आला की नाहीबाई म्हणायच्या, "तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या. धाकटीचं जेवण आहे." लेक आली असेल तर तिलाही बाहेर काढायच्या. आपली भीती बायकोला कळते आणि ती चारचौघांत बोलून दाखवत नाही, असं समजून काका मनातल्या मनात तिचे आभार मानत बाहेर पडायचे.

मग हिवाळा संपता संपता एका पहाटे नाहीबाई झोपेतच गेल्या. माणसं आली, बसली, जे बोलायचं ते बोलून गेली. काका सगळ्यांशी नीट बोलले. एका शेजाऱ्याला तर जाता जाता चष्म्याची दांडी आवळून दिली. रडू येत नव्हतं. संध्याकाळी घर रिकामं झालं आणि ते जेवणाच्या खोलीत आले, तर पेटीत धाकटीनं डोकं वर काढलं होतं आणि ते बारीक हलत होतं. डावीकडे, उजवीकडे. नाही, नाही. काका पेटीसमोर खालीच बसले आणि हुंदके देऊन रडले.

त्या दिवसापासून त्यांची भीती गेली. घरात बायकोचे कपडे होते, पुस्तकं होती, खडूनं पांढरी झालेली पर्स होती, पण ती सगळी गप्प होती. तिच्यासारखं हलणारं त्या घरात एकच काहीतरी उरलं होतं. ते गेलं असतं तर ती हालचाल पुन्हा कुठे बघायला मिळाली असती? काकांनी धाकटीला हातात घ्यायला शिकून घेतलं. ती मनगटाला वेढे घालून बसायची, डोकं अंगठ्यावर टेकवून. तसं टेकलं की कंप कमी व्हायचा. काका तासन्‌तास अंगठा हलवत नसत.

खाण्याचं मात्र जमेना. काका उंदीर कोमट पाण्यात ऊबदार करून, लांब चिमट्यात धरून समोर धरायचे. धाकटी झेप घ्यायची आणि चुकायची. बोटभर डावीकडे, बोटभर वर, कधी सरळ काचेवर. सुरुवातीला दहा झेपांत एखादी लागायची. मग तीही लागेना. शेवटी ती झेपच घेईनाशी झाली. मान पिळवटून उलटी व्हायची आणि तशीच राहायची.

काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं, तसं काकांना सगळं जग नंबराचं दिसायचं. जो घास चुकतो त्याला दिसत नाही, यात शंका ती काय? त्यांनी तपासणीची छोटी विजेरी आणून धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकली की तोही नवा येतो, हे कळल्यावर तर ते हरखून गेले. "जन्मजात चष्मा," ते लेकीला फोनवर म्हणाले, "आणि दर कातीला नवी काच फुकट. असं गिऱ्हाईक मला परवडलं नसतं." त्यांनी रंगीत पट्ट्या तिच्या डोळ्यांसमोरून फिरवून पाहिल्या. धाकटी उलटी झाली. काकांनी निदान केलं, डावीकडचं कमी दिसतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला शांतपणे तपासलं आणि सांगितलं, "डोळे उत्तम आहेत. दोष तोल सांभाळणाऱ्या भागात आहे, जन्माचा आहे. ही जाळीची नक्षी दिसते ना, ती मिळावी म्हणून ही जात पैदा करतात. नक्षी जिथून येते तिथूनच हा कंपही येतो. बरा होत नाही, पण फार त्रासही देत नाही. ताण आला की वाढतो. घरी शांतता आहे ना? उजेड फार नाही ना?"

"अहो, डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो मी तिच्यापाशी," काका अभिमानानं म्हणाले.

"मग थोडं कमी बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण पालथ्या घड्यावर पाणी. डोळे उत्तम असते तर उंदीर चुकला असता का? घरी येऊन काकांनी दुकानातला कामाचा दिवा आणला, ज्याच्या प्रकाशात ते केसाएवढे स्क्रू बसवायचे, आणि तो पेटीच्या डोक्यावर बांधला. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांना एकच सल्ला दिला होता, वाचताना उजेड वाढवा. कुंडीत लपल्यावर काय दिसणार, म्हणून कुंडी काढून टाकली. आणि नाक काचेला लावून, चिमटा धरून, झेपेची वाट बघत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. धाकटी त्या लख्ख उजेडात कोपऱ्यात अंग मुडपून, मान वाकडी करून पडून राहायची. हळूहळू तिच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला.

दुसऱ्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी मी दवाखान्यात आहे. तोवर काही खाल्लं तर उत्तम. नाही तर नळी घालून भरवावं लागेल, आणि या मानेला ते सोसेल असं मला वाटत नाही. मग तिचे हाल थांबवण्याचा विचार करावा लागेल, काका."

रविवारी दुपारी लेक आली. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात धाकटीला न्यायची हवेची भोकं पाडलेली पेटी. डबा तिनं टेबलावर ठेवला आणि पेटी दाराशी, बापाच्या नजरेआड. पण ती काकांना दिसलीच. त्यांची नजर अजून शाबूत होती.

जेवणाची खोली ती लहानपणापासून बघत आली होती. टेबल तेच, भिंतीवरचा ओलीचा डाग तोच. खिडकीशी बापाची खुर्ची तशीच होती, टेबलाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. फक्त तिच्यावर आता जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा चढला होता. बायको गेल्यापासून काका टेबलाशी, भिंतीकडच्या स्टुलावर जेवत. जेवत म्हणजे ताट मांडत आणि उचलत.

लेकीनं वाढलं. मग स्वतःचा घास तसाच ठेवून ती बापाकडे बघत राहिली. त्यांची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. त्यांनी घास उचलला, तिची नजर घासाबरोबर वर गेली. त्यांनी तो चावला, ती चावणं बघत राहिली.

"बाबा, खा ना."

"खातोय."

"कुठे खाताय? मघापासून एकच घास फिरवताय तोंडात."

काकांनी चमचा खाली ठेवला. "अगं, माझ्याकडे बघत बसू नकोस. घास उतरत नाही."

बोलून गेले आणि तिथेच थांबले. हे वाक्य त्यांचं नव्हतं. याच टेबलावर, याच सुरात, ते त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून ऐकलं होतं.

नाहीबाईंचा कंप वयाबरोबर वाढत गेला होता. चमचा आणि तोंड यांची गाठ पडेना. आणि कुणी बघतंय असं कळलं की तो दुप्पट व्हायचा. काका तर बघण्यात तरबेज. प्रेमानं बघायचे, काळजीनं बघायचे, सांडलं की पुसायला पुढे व्हायचे. एका संध्याकाळी ती म्हणाली, "माझ्याकडे बघत बसू नका हो. घास उतरत नाही." त्या दिवशी काकांनी खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून ते रस्त्यावर दिसेल ते सांगू लागले. "तो सायकलवाला आज पुन्हा टोपी विसरलाय. समोरच्यांनी पडदे बदलले, आधीचे बरे होते. बेकरीवाला गिऱ्हाइकाशी भांडतोय, गिऱ्हाईक अधिक दीड, सुटे पैसे दिसत नाहीयेत त्याला." मागून चमचा ताटावर वाजायचा, कधी हसू ऐकू यायचं, कधी काही सांडल्याचा आवाज. काका वळत नसत. तिचं संपलं की ती म्हणायची, "झालं माझं." मगच ते वळायचे. पुढे रोज संध्याकाळी हेच चालू राहिलं. सगळ्या जगाचे डोळे तपासणाऱ्या माणसानं एका बाईवर प्रेम केलं ते तिच्याकडे पाठ करून.

काका स्टुलावरून उठले. त्यांनी दिव्याची वायर ओढली. परसातून कुंडी आणली, धुतली, पुसली आणि पेटीत पालथी घातली. धाकटी दोन क्षणांत आत शिरली. मग ते स्वयंपाकघरात गेले, उंदीर काढला, कोमट पाण्यात ठेवला. लेक मागे मागे फिरत होती.

"बाबा, जेवण अर्धं टाकून हे काय? आपल्याला निघायचंय."

"तुझी आई मला बाहेर का पाठवायची, हिचं जेवण असलं की?"

"तुम्ही घाबरायचात म्हणून."

"मलाही तसंच वाटायचं," काका म्हणाले. "मला वाटायचं ते माझ्यासाठी होतं."

फळीवरून त्यांनी नाहीबाईंची एक जुनी बशी काढली, उंदीर कोरडा करून तिच्यावर ठेवला आणि बशी कुंडीच्या तोंडाशी सरकवली. खिडकीचा एक पडदा ओढला, खोली मंद झाली. मग वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि ते आपल्या खुर्चीत बसले, पेटीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून.

"बेकरी बंद आहे," त्यांनी सुरुवात केली. आवाज जरा गंजला होता. "रविवार ना. पायरीवर मांजर झोपलंय. वरच्या मजल्यावरची मुलगी चष्मा न लावता पुस्तक वाचतेय, उद्या येईल डोकं धरून."

लेक खोलीच्या मधोमध उभीच होती. खूप वेळानं ती म्हणाली, "तुम्ही असे का बसायचात, हे मी कधीच विचारलं नाही."

"मग काय वाटायचं तुला?"

"मला वाटायचं तुमचं दोघांचं पटत नाही," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी भांडण होतं आणि तुम्ही आईकडे पाठ करून बसता. मी अंथरुणात रडायचे, बाबा. मोठी झाल्यावरही मला वाटायचं, आईनं कसं काढलं असेल."

काका वळले नाहीत. "तिला विचारायचंस," ते म्हणाले.

"एकदा विचारलं होतं. बाबा तुझ्यावर रागावलेत का, म्हणून. ती 'नाही' म्हणाली. पण तिच्या 'नाही'चं काय घेऊन बसायचं? मान तर कायम नाहीच म्हणायची. मी विश्वास नाही ठेवला."

लेकीनं दुसरी खुर्ची उचलली, खिडकीशी आणली आणि बापाच्या शेजारी ठेवली. तीही पेटीकडे पाठ करून बसली.

"ती बघा," थोड्या वेळानं ती नाक ओढत म्हणाली, "लाल छत्रीवाली. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला?"

"उन्हाचा चष्मा घेत नाही म्हणून. तीनदा सांगून झालंय."

ते दोघं रस्ता सांगत राहिले. सायकली, पोरं, कुणाचं तरी सामान उतरवणारा टेम्पो. सांगायचं संपलं की तेच पुन्हा सांगत. मागे काही हललं का, ते कळत नव्हतं. दवाखान्याची वेळ होत आली होती, आणि लेकीनं घड्याळाकडे बघितलं तरी ती काही बोलली नाही.

तेवढ्यात बशी काचेवर आपटली. एकदा, जोरात. मग ती घासत थोडी सरकली.

लेक वळणार, तोच काकांनी तिचं मनगट धरलं. "टेम्पोवाल्यानं दार उघडंच ठेवलंय," ते म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. "उघडंच ठेवून गेला. कसला विसराळू."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "आता कळणार कसं तिचं झालं ते? ती थोडीच सांगणार आहे."

काकांनी विचार केला. मग म्हणाले, "माझं ताट दे."

तिनं मागे न बघता, पावलांनी अंदाज घेत टेबलापर्यंत जाऊन ताट आणलं. काकांनी ते मांडीवर घेतलं. लेक रस्त्याकडे तोंड करून बसली आणि या खेपेला रस्ता तिनं सांगितला. मांजर उठलं. मुलीनं पुस्तक मिटलं. लाल छत्री परत गेली. शेजारी चमचा ताटावर वाजत होता, सावकाश, मध्ये मध्ये थांबत, आणि ती त्या बाजूला बघत नव्हती.

चमचा वाजायचा थांबला. काकांनी ताट खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

"झालं माझं," ते म्हणाले.

मग दोघं वळली. बशी रिकामी होती. कुंडीच्या तोंडातून धाकटीनं डोकं बाहेर काढलं होतं, गळ्याखाली थोडी फुगली होती, आणि डोकं बारीक हलत होतं.

"जेवलीस?" काकांनी विचारलं.

धाकटी डावीकडे गेली, उजवीकडे गेली. नाही, नाही.

"बरं," काका म्हणाले, आणि दाराशी ठेवलेली भोकांची पेटी त्यांनी उचलून लेकीच्या हातात दिली. "ही तू घरी घेऊन जा."